सुया आणि टेकडी

दसरा झाला की आमच्या घरी माळा रिकामा होतो. पितळेची भांडी, मोडका स्टोव्ह, आईच्या हातची वाकळ, सगळं एकेक करून खाली येतं, उन्हात बसतं आणि दिवाळीआधी परत वर जातं. यंदा त्यात माझी पीएचडीच्या काळातली निळी फाइल निघाली. मी शिडीवर होते. आबा, म्हणजे माझे वडील, खाली सोप्यात भिंतीला पाठ लावून बसले होते. फाइल त्यांच्या हातात देताना तिची दोरी सुटली आणि कागद त्यांच्या पुढ्यात पसरले. आबांनी ते गोळा केले, कडा जुळवल्या, आणि दोन कागद मात्र बाजूला काढून चष्म्याजवळ धरले. एकावर सपाट रेषेतून उभ्या राहिलेल्या सुया होत्या, टोकदार, एकमेकींपासून सुट्या. दुसऱ्यावर त्याच जागी एक बसकी, रुंद टेकडी होती. पावसाळ्यात धुक्याआडून जोतिबाचा डोंगर दिसतो तशी, कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येऊ नये अशी. आबांनी सुयांवर अंगठा टेकवला आणि वर बघून विचारलं, "ह्ये बरं आलंय. आन् ह्ये बिघडलं व्हय?"

"व्हय आबा, ते बिघडलं," मी शिडीवरूनच म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, टेकडीचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला आणि फाइलीची दोरी घट्ट बांधून दिली. रात्री मी ती पुन्हा सोडली. तळाच्या कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईत माझंच अक्षर होतं: 'खराब'. खाली दोन रेघा.

माझं उत्तर चुकीचं होतं, आणि देताना मला ते ठाऊक होतं.

आबांना असं उत्तर दिल्याचं जास्त लागलं, कारण 'बिघडलं' हा शब्द ते हलक्या तोंडानं वापरत नाहीत. पस्तीस-चाळीस हंगाम त्यांनी पंचगंगेच्या काठच्या गुऱ्हाळांवर गुळव्या म्हणून काढले. काहिलीत रस पडल्यापासून पाक वाफ्यात ओतेपर्यंत त्यांची नजर हलत नसे. मळी वर आली की काढायची, भेंडीचं चिकट पाणी घालून उरलीसुरली वर आणायची, ती पुन्हा काढायची, चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याला नुसत्या हातानं खूण करायची. लहानपणी सुट्टीत मी तिथे जायचे तेव्हा धुरानं डोळे चुरचुरायचे आणि केसांना दोन दिवस पाकाचा वास यायचा. गूळ उतरवायच्या वेळी पाक ११८ अंशांच्या आसपास असतो हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आबांनी थर्मामीटर कधी वापरला नाही. ते फावड्याच्या कडेवरून पडणारी धार बघायचे, थेंब गार पाण्यात सोडायचे, दोन बोटांत त्याची गोळी वळायचे आणि ती वाटीवर आपटायचे. टण् असा बारीक आवाज आला की "उतरा". एवढ्यात चुकलं तर गूळ चिकट राहतो नाहीतर करपतो, आणि एक काहील म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या पाण्याच्या पाळ्या. बिघडलेल्या काहिलीबद्दल ते घरी बोलत नसत. त्या दिवशी जेवत नसत, त्यावरून आम्हाला कळायचं. अशा माणसानं विचारलं आणि मी वरच्या वर 'व्हय' म्हणून मोकळी झाले.

माझं काम कॅडमियम सेलेनाइडच्या कणांवर होतं. ज्या कणांच्या शोधासाठी २०२३ साली मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते हे क्वांटम डॉट. कोल्हापूर सोडून मी ज्या शहरात संशोधनाला गेले तिथल्या अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पहिल्यांदा माझ्या हातच्या बाटल्या चमकल्या, तो दिवस मला आजही अंगभर आठवतो. अडीच नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण हिरवट, सहाच्या आसपासचे लाल. पदार्थ एकच, प्रमाणही तेच, फरक फक्त आकाराचा. त्या रात्री मी आबांना फोन करून म्हणाले होते, "मी रंग केला, आबा." हे कण उघडे ठेवले तर एकमेकांना चिकटून तळाला बसतात, म्हणून त्यांच्यावर ओलिक आम्लाचं पांघरूण असतं. ऑलिव्हच्या तेलात असतं तेच. आम्लाचं डोकं कणाच्या पृष्ठभागाला धरून बसतं आणि अठरा कार्बनांची लांब शेपटी बाहेर द्रावकात डोलत राहते. कणाला हे पांघरूण खरोखर लागलंय का, की आम्ल नुसतंच बाटलीत मोकळं फिरतंय, हे विचारायचं यंत्र म्हणजे एनएमआर. एका उंच पिंपासारख्या भांड्यात द्रव हेलियममध्ये बुडलेलं चुंबक, त्याच्या पोटात पाच मिलिमीटर जाडीची काचेची नळी, आणि नळीतल्या प्रत्येक हायड्रोजनच्या केंद्रकाला रेडिओलहरींनी घातलेली साद. केंद्रकं ज्या ज्या वारंवारतेला ओ देतात तिथे तिथे कागदावर सुई उभी राहते.

आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. नळ्या थर्मोकोलच्या डब्यात भरून दुसऱ्या शहरात पाठवायच्या, तीन आठवडे थांबायचं, आणि ईमेल उघडताना हात गार पडायचे. पहिल्या खेपेला सुया आल्या. सुंदर, पुस्तकात दाखवतात तशा. सरांनी त्या भिंतीवर मोठ्या करून दाखवल्या, सगळ्यांनी बघितल्या. दुसऱ्या खेपेला मी जास्त मन लावून काम केलं: अ‍ॅसिटोन घालून कण खाली बसवले, सेंट्रिफ्यूजमधून फिरवले, वरचा द्रव ओतून टाकला, टोल्युइनमध्ये परत विरघळवले, आणि हे सगळं तीनदा. त्या खेपेला आली ती टेकडी. यंत्रावरच्या माणसानं एका ओळीत लिहिलं होतं, सॅम्पल नीट करून पाठवा. सर म्हणाले, पुन्हा करा. मी लाल पेन काढलं.

पुढचं दीड वर्ष मी सुया मिळवण्याच्या मागे घालवलं, आणि सुया मिळाल्याही. मिळायच्या तेव्हा मी कण कमी धुतलेले असायचे, हे मात्र माझ्या ध्यानात येत नव्हतं. जितकं कमी धुवावं तितकं चित्र देखणं. ज्या सुया मी जपून फाइलीत लावल्या त्या कणाला न चिकटलेल्या, बाटलीत उरलेल्या मोकळ्या आम्लाच्या होत्या. ज्या पांघरुणाचा शोध घ्यायला मी यंत्रापुढे नळ्या पाठवत होते, ते पांघरूण म्हणजे ती टेकडी. आणि तिच्यावर मी 'खराब' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

कळलं कसं, तर एका दुपारी वसतिगृहाच्या गॅलरीत दोन्ही कागद काचेवर एकावर एक ठेवून बघताना. टेकडीच्या कागदावर एका बाजूला एक सुई होती, जिच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. ती द्रावकाची. दर वेळी असते, म्हणून कुणी मोजत नाही. पण ती त्या कागदावरही तितकीच टोकदार होती. यंत्राचं चुंबकक्षेत्र एकसारखं नसतं, शिमिंग, म्हणजे ते क्षेत्र एकसारखं करायची जुळणी, बिघडलेलं असतं, तर ती सुईही फुगली असती. एकाच नळीत, एकाच क्षणी, द्रावक स्पष्ट बोलत होता आणि आम्ल घोगरं. म्हणजे यंत्र ठीक होतं, नळी ठीक होती. घोगरेपणा आम्लाच्या आतला होता. मी तिथेच उभ्या उभ्या कितीतरी वेळ पार्किंगकडे बघत राहिले. आनंद झाला का? झाला असावा. पण त्याहून जास्त ते दीड वर्ष आठवलं, ती थर्मोकोलची खोकी, आणि पहिली सुई भिंतीवर दाखवताना मला वाटलेला अभिमान.

कारण शोधायला बसले तर ते मला गुऱ्हाळावरच सापडलं. एनएमआरचा शोध १९४६ सालचा, स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉक आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल, दोघांना १९५२ चं नोबेल. पण माझ्या टेकडीचं उत्तर १९४८ च्या एका निबंधात होतं, जो पर्सेल यांनी निकोलास ब्लोएम्बर्गन आणि रॉबर्ट पाउंड यांच्याबरोबर लिहिला. त्यांनी इतर द्रवांबरोबर ग्लिसरीन घेतलं आणि तापमान बदलून बघितलं. ग्लिसरीन गार होतं तसं दाटतं, त्याचे रेणू हळू फिरायला लागतात, आणि तशी त्याची रेषा वागणं बदलते. प्रत्येक केंद्रकाला बाहेरच्या मोठ्या चुंबकाबरोबर शेजारच्या केंद्रकांची बारीकशी ओढ लागते. रेणू गरागरा फिरत असेल तर ती ओढ इकडून तिकडून सारखी होऊन मिटते आणि केंद्रक एकाच सुरात बोलतं. रेणू जड झाला, रेंगाळला, की ओढ मिटत नाही, आणि रेष पसरते. मी ते वाचत होते आणि डोळ्यांपुढे काहील होती. सुरुवातीचा रस उसळतो, फावडं त्यातून पाण्यातून फिरावं तसं फिरतं. काकवी झाली की तेच फावडं जड होतं. पाक उतरायला आला की दोन माणसं लागतात. उसाचा रस त्या नळीत घातला असता तर साखरेच्या रेषा बारीक आल्या असत्या, काकवीच्या फुगल्या असत्या, आणि घट्ट गुळातल्या इतक्या पसरल्या असत्या की साध्या यंत्राला सपाट जमीनच दिसली असती. साखर तिन्हींत तीच.

मोकळं आम्ल म्हणजे रस. तेच आम्ल कणाला धरून बसलं की कण जेवढ्या वेगानं वळेल तेवढ्याच वेगानं त्याला वळावं लागतं. इथे आकार आत येतो, आणि फार जोरानं येतो. द्रवात गोल कणाला वळायला लागणारा वेळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या दुप्पट झाली की वेळ आठपट. दिव्याखाली हिरवा कण लाल होईपर्यंत त्याची चाल कितीतरी पटींनी मंदावलेली असते. सोन्याच्या कणांवर हेच १९९८ साली बघितलं गेलं: गंधकाच्या टोकानं चिकटलेल्या रेणूंचं पांघरूण, आतला सोन्याचा गाभा दीड नॅनोमीटरपासून पाचच्या थोडा पुढपर्यंत, आणि गाभा वाढत जाईल तशा रेषा रुंद. कधी गुजरीतून जाताना काट्यावर बसलेल्या सोनाराकडे बघून मला ते आठवतं. त्याच्या काट्याला ते सोनं कळणार नाही, पण त्याच्याभोवतीच्या शेपट्यांना कळतं.

त्यातही सगळी शेपटी सारखी जड होत नाही. उसाच्या फडात वारं शिरलं की शेंडे लवतात, पाचट सळसळतं, पण बुडखा जागचा हलत नाही. आम्लाचंही तसंच. कणाला टेकलेल्या डोक्याजवळचे हायड्रोजन इतके जखडलेले असतात की त्यांची रेष पसरून पसरून जमिनीत मिसळते, दिसतच नाही. मधल्या दुहेरी बंधाजवळच्यांची टेकडी होते. शेवटच्या टोकाचे त्यातल्या त्यात मोकळे, म्हणून त्यांचा उंचवटा जरा नेटका. हे कळल्यावर मी माझ्या 'खराब' कागदावर पट्टी ठेवून डावीकडून उजवीकडे सरकत गेले. शेंडा होता, मधलं पेर होतं, बुडखा नव्हता. अख्खा ऊस उभा होता आणि मला तो दीड वर्ष दिसला नव्हता. पुढे रेणू किती वेगानं पसरतात ते मोजायची सोय असलेल्या यंत्रावर ती नळी लावली. सुयांचं आम्ल झपाट्यानं पळत होतं, टेकडीचं आम्ल कणाच्या वजनानं सावकाश चाललं होतं. तेव्हा शंका उरली नाही.

द्रवातल्या पांघरुणाचं हे झालं. आतल्या कणाचं काय, हा प्रश्न मला नंतर कितीतरी वर्षं पुरला, आणि तिथे आकाराचं काम वेगळं आहे. मार्केट यार्डातल्या गोदामात गुळाचे रवे पेट्यांत रचलेले असतात. लांबीला दहा, रुंदीला दहा, उंचीला दहा असा ढीग रचला तर हजार पेट्या. त्यातल्या बाहेरच्या किती? ४८८. जवळजवळ निम्म्या. शंभर-शंभर-शंभर रचल्या तर दहा लाखांतल्या एकोणसाठ हजारांच्या आत, म्हणजे शंभरातल्या सहासुद्धा नाहीत. आणि तीन-तीन-तीन रचल्या तर सत्तावीसातली एकच पेटी आत. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा ज्यानं सोसली त्याला पुढचं सांगायला नको. बाहेरच्या पेट्यांना ओल लागते, गूळ पाझरतो, रंग बदलतो, आतला कोरडा राहतो. काही नॅनोमीटरचा कण म्हणजे असा छोटा ढीग. त्याचे निम्मे अणू हवेला लागलेले असतात, कोपऱ्यावरचा वेगळा, कडेचा वेगळा, सपाट भागावरचा वेगळा. आतले अणू एका सुरात बोलले तरी बाहेरच्यांना एकच सूर कसा असेल?

प्लॅटिनमच्या बाबतीत हे १९८० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स स्लिक्टर यांच्या गटानं समोर मांडलं. अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीवर बसवलेले प्लॅटिनमचे कण, काही नमुन्यांत शंभरातले चारच अणू पृष्ठभागावर, काहींत अठ्ठावन्न. धातूतली केंद्रकं क्षारातल्यांपेक्षा वेगळ्या जागी ओ देतात, हे वॉल्टर नाइट यांनी १९४९ साली तांब्यात पाहिलं होतं. कारण धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन केंद्रकाला लागणारं चुंबकक्षेत्रच थोडं बदलतात. स्लिक्टरांच्या मोठ्या कणांत आतल्या प्लॅटिनमची उंच टेकडी धातूच्या जागी होती. कण लहान होत गेले तशी ती खचत गेली, आणि पार दुसऱ्या टोकाला, क्षारांच्या जागेजवळ, दुसरी टेकडी वर यायला लागली. ती बाहेरच्या अणूंची. शेजारी निम्मे, वर चिकटलेले वायूचे रेणू, अंगात धातूपण कमी. मधली सगळी जागा आतल्या थरांनी भरलेली. ही पसरण चुंबकक्षेत्राच्या टक्क्यांत मोजावी लागते, आणि माझ्या कागदावरचा हायड्रोजनचा सगळा संसार दहा लाखांतल्या दहाबारा भागांत आटपतो! ते आलेख बघताना मला पहिल्यांदा वाटलं की रुंद रेषेला कुणी इतकं जवळ बसून ऐकलं आहे. त्यांनी ती पुसायला बघितली नाही, भागाभागांनी मोजली, आणि कणाच्या आतला रस्ता तिच्यातून काढला.

कण आणखी लहान केला तर धातू धातूच राहत नाही. जपानचे र्‍योगो कुबो यांनी १९६२ साली मांडलं की मोठ्या धातूत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्या इतक्या जवळ असतात की तो उतारच वाटतो, पण कण लहान झाला की पायऱ्या सुट्या दिसायला लागतात, आणि मग पुरेशा थंडीत कणातले इलेक्ट्रॉन सम आहेत की विषम यावर त्याचं चुंबकीय वागणं ठरतं. हजारो इलेक्ट्रॉनांच्या घोळक्यात एक जास्त की एक कमी, याला किंमत येते. सागरमाळावरून फिरायला जाते तेव्हा विद्यापीठाच्या फाटकाशी मला दर वेळी ते साल आठवतं. शिवाजी विद्यापीठही १९६२ चंच. संबंध काही नाही. पण कुबो तिकडे कागदावर पायऱ्या मोजत होते तेव्हा इकडे माळावर विद्यापीठ सुरू होत होतं, आणि त्याच विद्यापीठामुळे माझ्यासारख्या गुळव्याच्या पोरी पुढे त्या पायऱ्यांपर्यंत पोचल्या, हे मला सोडवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आबांच्या कंबरेचा एमआरआय करावा लागला. चाळीस वर्षं काहिलीवर वाकलेली कंबर. हातातलं चांदीचं कडं काढताना त्यांनी कुरकुर केली, करदोट्याला मात्र सहज सोडलं. मी बाहेर खुर्चीवर बसले होते आणि दारामागून ठोके ऐकू येत होते. आत ज्या यंत्रात ते पडले होते ते माझंच यंत्र, फक्त आडवं आणि माणूस मावेल एवढं. दीड टेस्लाचं चुंबक, शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास साद. अंगाच्या तापमानाला चुंबकाच्या बाजूनं वळलेले आणि उलटे वळलेले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, जवळजवळ सारखेच असतात. दहा लाखांमागे पाचेक जास्त, आणि जी तसबीर दिसते ती त्या पाचांच्या जोरावर. माझ्या वडिलांच्या अंगातले ते पाच-पाच प्रोटॉन बोलत होते आणि मी हात जोडून बसल्यासारखी बसले होते. टेक्निशियननं सांगितलं होतं की चित्र उठून दिसावं म्हणून देतात ते इंजेक्शन लागणार नाही. काही तपासण्यांत लागतं, आणि त्यातल्या एका जातीत लोहाच्या ऑक्साइडचे कण वापरले गेले आहेत. तिथेही आकारच सांगतो काय दिसणार. २००५ साली कोरियातल्या एका गटानं ४, ६, ९ आणि १२ नॅनोमीटरचे कण करून बघितले. कण मोठा होईल तसा तो आजूबाजूच्या पाण्याचा आवाज लवकर विझवतो, आणि तो विझवण्याचा आकडा ७८ वरून २१८ वर गेला. तीनेक नॅनोमीटरचे अगदी बारीक कण उलट चित्र उजळवायला उपयोगी पडतात. लोखंड तेच. आबा बाहेर आले तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते. कानावर हात ठेवून म्हणाले, "आत कुनीतरी पत्रा ठोकत हुतं." मी त्यांचं कडं रुमालातून काढून त्यांच्या हातात घातलं. ते आता सैल झालंय.

हे सगळं मला माहीत होतं, तरी शिडीवर तोंडातून 'व्हय' आलं. त्याचं कारण शोधताना माझे बरेच दिवस गेले. घाई होती, हे खरं. शिडीवरून समजावायचं कसं, हेही खरं. पण त्याच्या खाली काहीतरी होतं. एखाद्या गोष्टीला आपण दीड वर्ष खराब म्हटलं की ती चांगली होती हे डोक्याला कळून चुकतं, जिभेला कळायला वेळ लागतो. आणि आबांनी दोनच कागद उचलले होते. त्या गठ्ठ्यात शंभरेक असतील. नेमके ते दोन. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं काम त्यांच्या हातात पाहिलं आणि त्यांच्यासमोरही सुयाच पुढे केल्या.

पाडव्याच्या संध्याकाळी मी ते दोन्ही कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले. आई देवापाशी होती. बाहेर कुठेतरी फटाक्यांची माळ संपत नव्हती, ती संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प. मग मी म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. हे बिघडलेलं न्हाई."

त्यांनी चष्मा शोधला. मी रसापासून सुरुवात केली. पातळ रसात फावडं कसं फिरतं, काकवीत कसं. कण म्हणजे काय आणि त्याच्या अंगावर आम्ल कसं बसतं. मोकळं असतं तेव्हा रस, कणाला लागलं की काकवी. ते मध्ये बोलले नाहीत. काहिलीजवळ असताना जशी मान एका बाजूला कलती ठेवायचे तशी ठेवून ऐकत होते. मग टेकडीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजी ह्ये आळलेलं हाय."

"व्हय."

"आन् ह्या सुया कशाच्या?"

"कणाला लागलं न्हाई त्या आम्लाच्या. धुताना राहिलेलं."

ते बराच वेळ सुयांकडे बघत राहिले. "मळी हाय म्हन की."

हा शब्द मी त्यांना दिलेला नव्हता. इतक्या वर्षांत तो मलाही सुचला नव्हता. "मळीच," मी म्हणाले.

"किती डाव काढलीस?"

"तीन डाव."

"कमी हाय."

मी सांगितलं की एकदा पाच वेळा धुतलं तर पांघरूणच निघालं, कण एकमेकांना चिकटले, सगळं तळाला बसलं, बाटली वरून काचेसारखी स्वच्छ आणि दिव्याखाली मेलेली. त्यांनी हुंकार दिला. एखाद्या काहिलीचं आठवलं असावं, पण ती कुठली ते बोलले नाहीत. सुयांचा कागद बाजूला ठेवला. टेकडीचा मांडीवर घेतला, त्याची घडी सरळ केली, कोपऱ्यातलं लाल अक्षर वाचलं आणि काही म्हणाले नाहीत.

"ह्यातला दाणा केवढा?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन नॅनोमीटर." मग मला वाटलं यातून त्यांना काय कळणार. "डोळ्याला दिसत न्हाई, आबा. बोटाला लागत न्हाई."

पण त्यांचा उजवा हात आपसूकच वर आला होता. बाजारात गूळ बघताना चिमूट मोडून करतात तसा त्यांनी अंगठा तर्जनीवर फिरवला, एकदा, दोनदा, मग डोळे मिटून हळूच, रवा लागतोय का बघत.